चौथ्या खुर्चीवरचा आकडा

ता. ६, गुरुवार

दादा,

हे पत्र मी किती दिवस पुढे ढकललं ते विचारू नकोस. कागद आणला तर पेन नव्हतं. पेन मिळालं तर खालच्या सायकलवाल्याने हाक मारली, जरा चाक धर म्हणून. चाक धरता धरता त्याने आरे कसे ताणायचे ते दाखवलं. एक आरा सैल राहिला तर अख्खं चाक लंगडतं, माहितीये तुला? मला नव्हतं माहीत. मग दुसऱ्या दिवशीही मी तिथेच.

पण खरं कारण ते नाही. तुला लिहायची भीती वाटते.

फोन का नाही केला, असं तू म्हणणार नाहीस, कारण तूच मागे बजावलं होतंस. "फोनवर तू एक सांगायला घेतोस, दहा फाटे फोडतोस आणि शेवटी भांडण माझ्या गळ्यात. काही सांगायचं असलं तर कागदावर लिही, म्हणजे निदान तुला तरी कळेल तुला काय म्हणायचंय." त्यानंतर तुझा नंबरही लागेना. तर हा घे कागद.

पहिली बातमी: मी अजून त्याच नोकरीत आहे. सावकाश वाच, पुन्हा वाच. तू लावून दिलेल्या आधीच्या दोन्ही जागा मी न सांगता सोडल्या, त्यावरून तू जे बोललास ते मला पाठ आहे. "ही शेवटची. इथे माझं नाव आहे, ते घालवू नकोस." नाव अजून आहे. इथे तुला सगळे ओळखतात. म्हणजे तुला पाहिलेलं कुणी नाही, पण प्रोग्राम तुझा, तू सोडून गेलास तरी तोच चालतो, आणि कुठे काही अडलं की साहेब म्हणतात, "याच्या भावाने लिहिलंय, ते चुकणार नाही."

कंपनीने मला आता थेट डायलिसिस सेंटरमध्येच बसवलंय. दुसरा मजला, खाली सायकलचं दुकान, मागे पाण्याच्या मोठ्या टाक्या, आणि टाक्यांना लागून जी सामानाची खोली आहे तिथे माझी गादी. एका ओळीत सहा खुर्च्या. ज्यांच्या किडन्यांनी हात टेकलेत ती माणसं एक दिवसाआड येतात, चार-चार तास खुर्चीत बसतात, यंत्र त्यांचं रक्त धुतं आणि अंगात साठलेलं जादा पाणी काढतं. कोणाचं किती काढायचं ते डॉक्टरबाई ठरवतात, तो आकडा तुझ्या पडद्यावर येतो, सिस्टर तो यंत्राला लावते. तुला काय सांगायचं हे, पण वहिनी वाचत असेल तर तिच्यासाठी लिहितो.

इथे मोठ्या सिस्टर आहेत. मी पहिल्या दिवशी बाकड्यावर बसलो होतो तर त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कुणाचे?" नातेवाइकांना त्या असंच विचारतात, म्हणजे कुठल्या पेशंटबरोबर आलात. मी म्हणालो, "कुणाचाच नाही, कंपनीचा." त्या म्हणाल्या, "अरेरे." तेव्हापासून आमचं जमतं. आणि चौथ्या खुर्चीवर, खिडकीपाशी, पेंटरकाका. आयुष्यभर पाट्या रंगवल्या त्यांनी. समोरच्या भिंतीवरचा तो उडालेला बोर्ड त्यांचाच, तो दिसावा म्हणून त्यांना चौथीच खुर्ची लागते. तुझ्या पडद्यावर त्यांचा फार राग. "हा पिवळा कुणी निवडला? उन्हात आकडा दिसत नाही. आणि या 'क'ला कंबर नाही रे." तर मागच्या आठवड्यात मी पिवळा काढून काळ्यावर पांढरं केलं. काका म्हणाले, "आता कसं, माणसात आलं."

मंगळवारी सकाळी इथे जरा गडबड झाली. पेंटरकाकांचा बीपी एकदम खाली गेला. बोलता बोलता मान कलंडली आणि कपाळ खुर्चीच्या दांडीवर आपटलं. यंत्र ओरडायला लागलं. मोठ्या सिस्टरांनी खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, सलाईन सोडलं, सगळं एका दमात. काकांची मुलगी दारात उभी राहून फक्त "बाबा, बाबा" म्हणत होती. काका आता वॉर्डात आहेत. डोळे उघडतात, पण बोलत नाहीत.

यंत्राला आकडा मोठा लागला होता. काकांसारख्या काडीच्या माणसातून साडेतीन लिटर काढायला लावलेलं. सिस्टर म्हणतात, पडद्यावर होता तोच लावला. काका आदल्या खेपेला आले नव्हते, पाय सुजले होते, म्हणून मोठा आकडा त्यांना खटकला नाही. पण साहेबांनी नंतर तोच पडदा उघडला तर काकांच्या नावापुढची जागा कोरी. डॉक्टरबाईंनी त्या दिवशीचा आकडा दिलाच नव्हता, काकांना आधी तपासणार होत्या.

"मग आकडा आला कुठून?" साहेब म्हणाले.

"मी काय घरून डब्यातून आणला?" सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हातातला कापूस पार चुरगळलेला.

त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. चौकशी होणार म्हणे.

मला यातलं काही माहीत नाही. सहज एक विचारायचं होतं. ते "अर्धवट बंद"चं बटण, पेशंट मधेच उठला तर दाबायचं, ते तू सुरुवातीलाच केलं होतंस की नंतर? अगदी सहज विचारतोय.

तुझा
धाकटा


ता. ९, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन जिन्यात आला की मी उठतो.

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. सहज विचारत नव्हतो. मला तेव्हाच वास आला होता.

परवा मोठ्या सिस्टरांच्या घरी गेलो. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चपला काढायच्या की नाही तेच कळेना. सिस्टर आतून म्हणाल्या, "येऊ दे, तो कुणाचाच नाही." मी विचारलं, त्या दिवशी चौथ्या खुर्चीत काकांच्या आधी कोण होतं.

"पैलवान."

पैलवान म्हणजे एक आडवा गृहस्थ आहे, जाळीच्या दरवाजांचा धंदा. एकदाही पूर्ण वेळ बसत नाही.

"अर्ध्यात उठला," त्या म्हणाल्या. "म्हणे माझा ट्रक उभा आहे. मी म्हटलं, अंगात पाणी ठेवून चाललात, ट्रक राहील आणि तुम्ही जाल. तर म्हणतो, सिस्टर, शुभ बोला. मग मी 'अर्धवट बंद' दाबलं, खुर्ची पुसली आणि काकांना बसवलं."

"पैलवानांचा आकडा किती होता?"

त्या हळूच म्हणाल्या, "साडेतीन."

दादा, तिथून मी पळत आलो. वाटेत लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा बदलत होता आणि मला वाटायला लागलं, हा आत्ताचा की आधीच्या माणसाचा? बसच्या पाटीवरचा नंबर, टोकन खिडकीवरचा लाल आकडा, सगळ्यांची शंका. अजून तसंच होतंय. जेवणही धड जात नाही.

आल्या आल्या माझ्या कॉम्प्युटरवर तुझा प्रोग्राम चालवला. दोन खोटे पेशंट केले. नावं सुचेनात, मग पहिल्याला नाव दिलं "दादा", त्याला आकडा साडेतीन. दुसऱ्याला नाव "मी", त्याला आकडाच नाही. दादाला बसवलं, अर्ध्यात उठवलं, "अर्धवट बंद" दाबलं, मग मला बसवलं. माझ्यापुढची जागा कोरी. पुन्हा केलं, कोरी. शंभर वेळा केलं असेल. मधे सायकलवाल्याने चहा पाठवला, तो गार झाला, त्यावर एक माशी बसली, ती फार सुंदर पाय घासत होती, हां, तर कोरी ती कोरीच. म्हटलं, सिस्टर चुकल्या. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं.

मग आठवलं, तूच एकदा शिकवलेलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर, मी तेव्हा ऐकत नव्हतो असं तुला वाटलं होतं. सर्व्हरमध्ये थ्रेड असतात, म्हणजे कामगार धर. दरवेळी नवा कामगार आणत नाहीत, तेच आठ-दहा जण आळीपाळीने कामाला लागतात. प्रत्येक कामगाराला त्याचा स्वतःचा एक खिसा असतो, त्याला थ्रेड-लोकल म्हणतात. चालू पेशंटची माहिती कामगार त्या खिशात ठेवतो, म्हणजे सारखी विचारत बसावी लागत नाही. काम संपलं की खिसा झटकून रिकामा करायचा आणि मगच पुढच्याचं काम घ्यायचं. वहिनी, कळतंय ना? न झटकता गेला तर खिशात आधीच्याची चिठ्ठी राहते. पुढच्याची स्वतःची चिठ्ठी असेल तर ती वर बसते, कुणाला पत्ता लागत नाही. पण पुढच्याची चिठ्ठीच नसेल, तर कामगार खिशात हात घालतो आणि जुनीच काढून दाखवतो.

माझ्या कॉम्प्युटरवर दहा कामगार आणि पेशंट दोनच. आळीपाळीत दादाचं काम दरवेळी एक, तीन, पाच अशा नंबरच्याकडे गेलं, माझं दोन, चार, सहाकडे, ज्यांचे खिसे स्वच्छ होते. म्हणून कोरी. साहेबांनी पाहिलं तेव्हाही असंच कुणीतरी दुसरा उभा असणार.

मी नऊ कामगारांना सुट्टी दिली. एकच ठेवला.

दादाला बसवलं. उठवलं. "अर्धवट बंद." मला बसवलं.

माझ्या नावापुढे तुझा आकडा.

पांढऱ्या अक्षरात, काळ्यावर, उन्हातही दिसेल असा. मी ते बघत बसलो. दादा, शाळेत पहिल्या दिवशी बाई हजेरी घेताना म्हणायच्या, "अच्छा, तू त्याचा भाऊ," आणि माझ्या नावापुढे तुझे मार्क मनात लिहून टाकायच्या, मग वर्षभर ते खोडत बसायच्या. ते आठवलं. हसू पण आलं. मग खिसा झटकायची ओळ शोधायला घेतली.

आता पुढचं लिहायचं म्हणजे. थांब, पाणी पिऊन येतो.

आलो. ती ओळ तुझी आहे. कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते तिथेच दिसतं, तुला माहीत आहे. पेशंट पूर्ण वेळ बसला की शेवटी तू खिसा रिकामा करतोस, नीट, तुझ्या पद्धतीने, वर एक टीपही लिहून ठेवलीस की हे विसरू नये. पण "अर्धवट बंद"च्या वाटेने बाहेर पडलं की ती ओळ लागतच नाही. त्या दाराने तू नुसता निघून गेलास. माझे रंग त्या फाइलच्या जवळपासही नाहीत.

तू विसरलास. तू काही विसरू शकतोस हेच मला माहीत नव्हतं. आईचा चष्मा, विजेचं बिल, माझी शाळेची छत्री, सगळं तुझ्या लक्षात असायचं आणि हरवायचं काम माझ्याकडे.

काल साहेबांना सांगितलं, आकडा खरोखर आला होता, सिस्टर खोटं बोलत नाहीत. कुणाची ओळ ते नाही सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हल्लीच तू रंग बदललेस ना?"

"हो."

"मग झालं तर. रंग बदलताना काहीतरी हललं. अरे, होतं असं नवीन पोरांकडून. तुझा बदल मागे घेऊ, जुनं होतं तसं करू. तू चार दिवस घरी बस. सिस्टर सुटल्या, डॉक्टरबाई शांत, प्रकरण मिटलं. तुला काढणार नाही, घाबरू नकोस. तुझ्या भावाकडे बघून ठेवतोय."

आणि मी मान हलवली. खरं सांगू? सोपं वाटलं. आपल्या घरात दूध उतू गेलं तरी माझंच नाव पुढे यायचं, मी दुसऱ्या खोलीत असलो तरी. मला सवय आहे. अंगावर जुना सदरा चढवावा तसं वाटलं. तुझं नाव राहतं, सिस्टरांची नोकरी राहते, माझं जे नव्हतंच ते जातं. जिना उतरताना मी शीळसुद्धा घातली.

हे पत्र मी तुला तेवढंच सांगायला घेतलं होतं. की दादा, काळजी करू नकोस, मी घेतलंय अंगावर. इथपर्यंत आलो आणि आता साहेबांच्या एका वाक्यावर अडकलोय.

"जुनं होतं तसं करू." जुनं म्हणजे तुझं. माझे रंग काढले की सगळ्यांना वाटणार, दुरुस्त झालं. साहेबांनी तर प्रोग्रामला कुलूपच लावलंय, आता कुणी काही हात लावायचा नाही म्हणून. पिवळा परत येणार आणि ते भोक तसंच. मी चांगुलपणा करून ते भोक झाकून ठेवलं, बस. यापुढे कुणी शोधणारही नाही, कारण चोर सापडलाय.

उद्या सोमवार. पैलवानाची पाळी आहे. तो पूर्ण वेळ कधी बसत नाही. काका नाहीत, म्हणून आता त्याच्यानंतर त्या खुर्चीत एक शाळेतल्या बाई बसतात, काकांपेक्षाही बारीक, आणि त्यांचा आकडाही तपासल्यावरच ठरतो.

मी आत्ताच डॉक्टरबाईंच्या घरी जातोय. हे पाकीट वाटेत टाकतो. तुझं नाव घ्यावं लागेल. तुला विचारून घेतलं असतं, पण तुझा नंबर लागत नाही.


ता. १३, गुरुवार

दादा,

आज पत्र सेंटरमध्येच बसून लिहितोय, बाकड्यावर, नातेवाइकांत. कामच नाही मला. सगळे पडदे बंद आहेत.

रविवारी डॉक्टरबाई झाडांना पाणी घालत होत्या. मी फाटकातूनच बोलायला सुरुवात केली, आणि आधी आरे, मग पोस्टमन, मग ट्रक असं काहीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तू आत ये, बस, आणि शेवटापासून सांग."

मी शेवटापासून सांगितलं. उद्या त्या बाईंना पैलवानाचा आकडा लागू शकतो.

मग कॉम्प्युटर उघडून दाखवलं. दादा बसला, दादा उठला, मी बसलो. त्यांनी दोनदा करायला लावलं. मग मागे रेलून बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"याच्यात तुझा काय भाग?"

"काही नाही. मी फक्त रंग बदलले."

"मग साहेब तुझं नाव का सांगतायत?"

"मी मान हलवली."

"का?"

मी कॉम्प्युटर मिटायला लागलो. त्या म्हणाल्या, "कुणी लिहिलंय हे?"

हे वाक्य लिहायला मला आत्ताही वेळ लागतोय. मी म्हणालो, "माझ्या मोठ्या भावाने. तो फार हुशार आहे. ही एकच वाट राहिली त्याची." तुझ्या पाठीमागे तुझी चहाडी केल्यासारखं वाटत होतं, आणि चहाडी तरी कुणाकडे, तर जिला तू कधी भेटलाही नाहीस.

"एकच कशावरून?" त्या म्हणाल्या.

तेच, दादा. एकच कशावरून? हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

त्यांनी तिथूनच फोन केले. सोमवारपासून एकही पडदा चालू नाही. सिस्टर प्रत्येक पेशंटचा आकडा डॉक्टरबाईंकडून हाताने कार्डावर लिहून घेतात, दुसरी सिस्टर तो मोठ्याने वाचते, मग पेशंटला विचारतात, मग यंत्राला लावतात. दुप्पट वेळ लागतोय, पाळ्या पुढच्या दिवसावर सरकतायत. बाहेर रांग, आत चिडचिड. पैलवान म्हणाला, "काय हे, बँकेत आल्यासारखं वाटतंय," आणि यावेळी पूर्ण बसला, कारण मोठ्या सिस्टर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. हो, त्या आल्यात परत. जाताना माझ्या डोक्यावर कार्डांचा गठ्ठा आपटला आणि म्हणाल्या, "शुद्धलेखन बरं आहे का तुझं? नाही? मग नुसता बस."

साहेब मात्र फार बोलले. सेंटर हातचं गेलं तर कंपनीत दिवे लावायला माणूस राहणार नाही, वगैरे. आणि शेवटी, "सख्ख्या भावाचं नाव बुडवलंस. तो तुझ्यासाठी माझ्याकडे शब्द टाकायला आला होता, माहितीये?" मला माहीत नव्हतं. तू फोन केला असशील असं वाटायचं. तू स्वतः आला होतास?

काकांना भेटायला गेलो. मुलीने आत सोडलं नसतं, पण काकांनीच हात केला. बोलतायत आता, हळू. मी त्यांना सगळं सांगितलं, खिसा, चिठ्ठी, पैलवान. मला वाटलं ओरडतील. ते छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझ्यातून पैलवानाचं पाणी काढलं होय? तरीच पडता पडता कुस्ती खेळावीशी वाटत होती." मुलगी म्हणाली, "बाबा, हसू नका, टाके आहेत." मग त्यांनी उजवा हात उचलून मला दाखवला. थरथरतो, दादा. आधी नव्हता थरथरत. डॉक्टरबाई म्हणतात जाईल, वेळ द्या. त्यांनी हवेत एक 'क' काढला, तो वाकडा आला. ते स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो तिथे दिसत होता.

निघताना म्हणाले, "पिवळा परत आणू नकोस म्हणजे झालं."

दुरुस्ती मी लिहून ठेवलीय. खिसा रिकामा करायची ओळ मी आता अशा जागी ठेवली की काम कसंही संपो, पूर्ण होऊन, अर्ध्यात, भांडून, मधे काही फुटून, ती ओळ लागल्याशिवाय कामगाराला दाराबाहेर पडता येत नाही. शिवाय आत येतानाही एकदा झटकायचा. दोन्हीकडे. डॉक्टरबाईंना दाखवलं, पटलं. पण त्या म्हणतात, हे एका वाटेचं झालं. औषधाचा पडदा, वजनाचा पडदा, रक्त पातळ करायचं ते इंजेक्शन, तिथे कुठे कुठे असे खिसे आहेत ते ज्याने घर बांधलं त्यालाच माहीत. "त्याला बोलव. तो येऊन सगळी दारं दाखवून गेल्याशिवाय मी एकही पडदा चालू करणार नाही."

मी म्हणालो, तो येणार नाही. मी त्याचं नाव घालवलंय, आणि त्याच्याआधीही बरंच काही.

मी शोधतोय माझ्या परीने. तुझ्या फाइली वाचतो. चांगलं लिहितोस तू, कळतं, घरात बोलायचास त्यापेक्षा बरं. पण कालपासून मला सगळीकडेच खिसे दिसतायत, आणि एका इंजेक्शनच्या पडद्याजवळ मी येऊन थांबलोय. तिथे तू काहीतरी वेगळंच केलंयस, ते बरोबर आहे की चूक मला ठरवता येत नाही. रागाने नको लिहूस, नुसतं एका ओळीत लिही, "ते बरोबर आहे" किंवा "ते चूक आहे". कुणाला तरी ते इंजेक्शन लागणार आहे. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलू नकोस हवं तर, पण ही

थांब. कुणीतरी आलंय.

दादा, वहिनी आलीय.

मी मान वर केली तर मोठ्या सिस्टर दारात एका बाईला अडवून विचारत होत्या, "तुम्ही कुणाच्या?" आणि ती बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या येड्याची वहिनी." सिस्टर वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अरे, तू कुणाचा तरी निघालास."

ती आत्ता माझ्या शेजारी बसलीय, बाकड्यावर, पिशवी मांडीवर. पुढचं मी ती बोलतेय तसं लिहितोय. ती म्हणते लिहीत बसू नकोस, पण मला लिहिल्याशिवाय कळत नाही, तूच म्हणाला होतास.

म्हणते, पहिलं पत्र तू न फोडता कपाटावर ठेवलंस. दुसरं आलं तेही तिथेच ठेवायला लागलास, तेव्हा तिने दोन्ही काढली आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. पहिल्यात सायकलच्या चाकाशी आली तर तू म्हणालास, "बघ, सुरू झाला." दुसऱ्यात "माझ्या नावापुढे तुझा आकडा" इथे आली तर तू उठून खिडकी लावायला गेलास. "खिडकी लागलेलीच होती," वहिनी म्हणते.

म्हणते, मग काल जेवता जेवता तू म्हणालास, "इंजेक्शनच्या पडद्यावर मी स्वतःच एक गाठ मारून ठेवलीय, ती त्याला सुटायची नाही."

मी विचारलं, मग तो कुठंय? आला नाही?

"खाली आहे," वहिनी म्हणाली. "अर्धा तास झाला. मी म्हटलं चल वर, तर म्हणतो, तू हो पुढे, मी येतो. सारखं तेच घोकतोय. डॉक्टरबाई काय म्हणतील, तो पेशंट काय म्हणेल. तू काय म्हणशील."

मी उठून खिडकीशी आलोय, कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहितोय. चौथ्या खुर्चीतल्या शाळेच्या बाई विचारतायत, काय झालं, कोण आहे खाली. दादा, तू केस फार बारीक कापलेत. सायकलवाल्याने तुला चाक धरायला दिलंय. दोन्ही हातांनी धरून उभा आहेस, आणि तो तुला आरे दाखवतोय.

पत्र इथेच सोडतो आणि खाली येतो. तो एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत सोडत नाही.